डोक्यावर एक मूठ

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरणारी बाई नाही.

मी मेडिकलच्या काउंटरवर काम करते. ज्याच्यावर लेबल नाही अशी बाटली मी कुणाच्या हातात देत नाही. आता जे सांगणार आहे त्यावर काय लेबल लावायचं, हे मात्र मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण ते घडलंय. माझ्यासमोर घडलंय.

जागा म्हणजे माझ्या ताईचं घर. चौथा मजला. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एवढीशी बाल्कनी. त्या बाल्कनीत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला टॉवेलसुद्धा वाळत घालता येत नाही.

आणि वेळ? लोकांना वाटतं असलं काही मध्यरात्री होतं. आमच्याकडे ते ऐन दिवेलागणीला झालं. खालच्या रस्त्यावर मुलं खेळत होती, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, अशा वेळी.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी ताई कशीबशी पाच फूट. भावोजी सहा फुटांच्याही वर. लग्नातल्या फोटोंत ताई खोक्यावर उभी आहे, हे आमच्या घरातलं उघड गुपित. ते तिला ‘ठेंगू’ म्हणायचे, ती त्यांना ‘जिराफ’ म्हणायची. दोघांनाही त्याचा राग यायचा नाही.

भावोजींचं डोकं सगळीकडे आपटायचं. दाराच्या चौकटीला, उघड्या कपाटाला, बसमधल्या दांड्याला. आणि आपटलं की ते कपाळ चोळत त्या वस्तूलाच म्हणायचे, “सॉरी हं.”

अगदी मनापासून. जणू चौकटीलाच लागलंय.

एकदा बाजारात एका दुकानाच्या पाटीला सॉरी म्हणाले, तर आतून दुकानदार म्हणाला, “असू दे, असू दे.” हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो.

ताई चिडवायची, “दाराला सॉरी, खांबाला सॉरी. मला कधी म्हणालास का रे?”

“तुझ्यावर कुठे डोकं आपटतं माझं? तू तर खालूनच निघून जातेस.”

असा त्यांचा संसार होता. भाड्याच्या घरांमध्ये बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी हे घर घेतलं. छोटं, पण स्वतःचं. छत मात्र बुटकं. भावोजींनी हात वर केला की बोटं सरळ छताला टेकायची. जेवायचं टेबल भिंतीला दुमडून ठेवायचं, सोफ्याचाच रात्री पलंग करायचा. आणि खोलीच्या मधोमध, छताला, एक उघडा बल्ब लोंबकळत होता.

ताईला तिथे दिवा हवा होता. शोभेचा, छान. “घरात शिरल्यावर पहिलं काहीतरी सुंदर दिसलं पाहिजे,” एवढंच तिचं म्हणणं होतं.

म्हणून एका रविवारी आम्ही तिघं दिव्यांच्या दुकानात गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण दुसऱ्याच्या खरेदीत मत द्यायला मला फार आवडतं.

दुकानदार काका वयस्कर होते. चष्मा कपाळावर, आणि तोच शोधत फिरायचे. दुकानात इतके दिवे लागलेले की डोळे दिपून गेले.

“असे सगळेच आवडतील तुम्हाला,” काका म्हणाले. “थांबा.”

त्यांनी सगळे दिवे बंद केले. मग एकेकच लावून दाखवायला लागले. एक दिवा, त्याच्याभोवती अंधार. म्हणाले, घरी तो एकटाच असणार, मग इथेही एकटाच बघा.

असा चौथा की पाचवा दिवा लागला आणि ताईनं माझा हात घट्ट धरला.

दुधी काचेचा होता. घंटेच्या आकाराचा, वरून उघडा, कडेला पितळेची बारीक पट्टी. काळ्या वायरला टांगलेला. उजेड खाली पडत होता तसाच वरच्या तोंडातून छतावरही पसरत होता.

“लहान घराला हाच,” काका म्हणाले. “छतावर उजेड पडला की छत वर गेल्यासारखं वाटतं. पण घरात सगळ्यात उंच कोण?”

आम्ही दोघींनी भावोजींकडे बोट दाखवलं.

काकांचा एक नियम होता. टांगायचा दिवा घ्यायचा तर घरातल्या सगळ्यात उंच माणसानं त्याच्याखाली उभं राहायचं. त्याच्या डोक्यावर एक मूठ ठेवायची. मुठीच्या वर दिवा. मोठ्या घरात दिवा टेबलावर टांगतात, तिथे कुणी चालत नाही. लहान घरात टेबल भिंतीला जातं आणि सगळं घर दिव्याखालून ये-जा करतं. म्हणून डोक्यावर एक मूठ.

भावोजी ऐटीत पुढे झाले आणि...

टण्ण.

कपाळ थेट काचेवर. काच चांगली जाड होती म्हणून वाचली.

“सॉरी हं,” भावोजी दिव्याला म्हणाले.

अख्खं दुकान हसलं. काका तर चष्मा पडेपर्यंत हसले.

मग त्यांनी वायर आखडून दिवा भावोजींच्या डोक्यावर मूठभर उंच नेला. तो इतका वर गेला की पार छताला जाऊन बसला. सगळी शोभा गेली. ताईचा चेहरा उतरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “मग चपटाच घ्यायचा ना. हा कशाला?”

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. वाटेत ताईची भुणभुण चालू होती. “तुझ्यामुळे माझ्या घरात आयुष्यभर चपटे दिवे. निदान सॉरी तरी म्हण.”

“म्हणतो ना.”

“मग म्हण. सॉरी ठेंगू, म्हण.”

भावोजी हसत म्हणाले, “असं रस्त्यात नाही. पुढच्या रविवारी तो दिवा आणू, छताला बसला तर बसू दे. लावला की त्याच्याखाली उभा राहून म्हणतो. मग तर झालं?”

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी त्यांच्या मागेच चालत होते.

पुढच्या रविवारी भावोजी नव्हते.

मधल्या एका दिवशी ते नेहमीसारखे कामावर गेले आणि ऑफिसच्या जिन्यात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. कधी साधी सर्दी झाली तरी मला फोन करून गोळी विचारणारा माणूस. त्यानं ह्याबद्दल एका शब्दानंही काही विचारलं नाही.

मी ताईकडे राहायला गेले. माझी बॅग तिच्या सोफ्यामागे महिनोन्महिने पडून होती.

ताई कामावर जायची, यायची, जेवायची, झोपायची. माझ्याशी नीट बोलायची. रडायची मात्र नाही. एकदाही नाही. मला त्याचीच धास्ती वाटायची. रडून मोकळी झाली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं. पण ती सगळं आवरून, घडी घालून ठेवल्यासारखी वागत होती. आणि डोक्यावर तो उघडा बल्ब तसाच.

मग एका सुट्टीच्या दिवशी चप्पल घालत म्हणाली, “चल, दिवा आणू.”

“कुठला?”

“तोच. खाली टांगायचा. आता कुणाचं डोकं आपटणार आहे?”

मीही चप्पल घातली. गेले तिच्याबरोबर.

काकांनी आम्हाला ओळखलं नाही. दिवसाला किती गिऱ्हाईकं येत असतील त्यांच्याकडे. तोच दिवा काढला, बाकीचे बंद केले, तोच एकटा लावला. आणि नियमाप्रमाणे विचारलं, “घरात सगळ्यात उंच कोण?”

ताई म्हणाली, “मी.”

काकांना वाटलं ती गंमत करतेय. ते खळखळून हसले. ताईसुद्धा थोडं हसली. मी बाकीच्या विझलेल्या दिव्यांकडे बघत उभी राहिले, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच कोसळले असते.

“अहो, पाहुणे येतील की नाही तुमच्याकडे?” काका म्हणाले. “या तुमच्या बहिणीची उंची धरू.”

मी ताईपेक्षा बरीच उंच आहे. मी दिव्याखाली उभी राहिले. काकांनी माझ्या डोक्यावर मूठ ठेवली आणि वायरला खूण केली.

दिवा बसवायला त्यांचा वायरमन आला. बडबड्या माणूस. ती काच जड होती. एकट्याला जमत नाही, म्हणाला. कुणीतरी खालून काच वर छताजवळ तोलून धरायची, तोवर तो वर गाठ मारून स्क्रू बसवणार. मी खुर्चीवर उभी राहून काच धरली. हात भरून आले, पण धरली.

दिवा लागला.

खरंच सुंदर दिसत होता. भिंती उबदार झाल्या, छत वर गेलं. ताई सोफ्यावर बसून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

“छान दिसतोय ना गं?”

“खूप.”

“त्याला आवडला असता.”

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी...

मी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या करत होते. ताई स्वयंपाकघरात होती. बाल्कनीचं दार बंद, खिडकी बंद, कारण खालून डास येतात.

बाहेर लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

आणि मग...

टण्ण.

मी वर बघितलं. दिवा झुलत होता. हळूच नाही, चांगला मागेपुढे. त्याच्याबरोबर भिंतीवरचा उजेड हलत होता, सोफा हलत होता, माझी सावली हलत होती.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात चमचा तसाच.

आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आम्ही दोघीही वाट बघत होतो.

त्या आवाजानंतर नेहमी काहीतरी यायचं. इतकी वर्षं यायचं.

ते आलं नाही.

दिवा झुलत झुलत थांबला. ताई आत गेली आणि तिनं भाजी ढवळली. मला वाटतं बराच वेळ ढवळत होती.

मी आपली शोध घ्यायला लागले. वरच्या मजल्यावर कुणी काही सरकवलं असेल? वरचं घर बंद होतं, दाराला कुलूप. काच तापून वाजली असेल? मग झुलली का? वारा? मी खिडकीला मेणबत्ती धरून बघितली. ज्योत सरळ उभी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतरही होत राहिलं. रोज नाही, पण झालं की त्याच वेळेला. भावोजी कामावरून घरी यायचे त्या वेळेला. आधी लिफ्टचं दार. मग शांतता. दाराची कडी वाजायची नाही, पावलं वाजायची नाहीत. नुसतं...

टण्ण.

आणि त्यानंतरची ती रिकामी जागा.

सांगू का, मला आवाजाची भीती नाही वाटली. त्या रिकाम्या जागेची वाटली. कुणीतरी तोंड उघडून उभं आहे आणि शब्द बाहेर पडत नाही, असं वाटायचं.

“ताई, तू चल माझ्याकडे,” मी एकदा म्हणाले. “थोडे दिवस.”

“आणि तो आला तर?”

पहिल्यांदाच तिनं ते उघड म्हटलं.

मी तिचा हात धरला. तो गार होता. ती दिव्याकडे बघत म्हणाली, “मला त्याची भीती नाही गं वाटत. पण त्याला लागतंय. रोज लागतंय. दमून घरी येतो आणि मी त्याच्या वाटेत हे टांगून ठेवलंय.”

“ताई...”

“दिवा वर घ्यायचा. उद्याच बोलाव त्या वायरमनला.”

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की वायर आखडली की सगळं थांबेल. ते थांबावं, एवढंच मला हवं होतं.

वायरमन संध्याकाळी आला, बाकीची कामं उरकून. ताईनं त्याला खोलीच्या मध्यावर उभं केलं आणि स्वतःचा हात सरळ वर केला. टाचा उचलल्या.

“माझी बोटं इथे पोहोचतात ना? इथे डोकं. त्याच्यावर एक मूठ.”

“कुणाचं डोकं, ताई?”

“आमच्या घरातल्याचं,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मेन स्विच घराबाहेर, जिन्याजवळच्या पेटीत होता. वायरमननं मला तिकडे पाठवलं. “बंद करून तिथेच थांबा. शेजारचं कुणी चुकून चालू करायला नको. मी हाक मारतो.”

मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता. स्वतःशीच बोलत असावा, असं मला वाटलं.

“हां, थोडं वर... बास... जरा डावीकडे... धरून ठेवा हं...”

बडबड्याच होता तो. मी लक्ष दिलं नाही.

“झालं! चालू करा!”

मी चालू केलं. आत आले. दिवा वर गेला होता, छताला जवळजवळ चिकटला होता. शोभा गेली होती. ताई चहा घेऊन आली, तिनं वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

वायरमननं चहा घेतला. इकडेतिकडे बघितलं.

“साहेबांना नाही का चहा?”

“कुठले साहेब?” मी विचारलं.

“अहो, आत्ता होते ते. आत गेले काय?”

ताईनं ट्रे सोफ्यावर ठेवला.

मी म्हटलं, “इथे कुणी नव्हतं. मी बाहेर होते, ताई आत होती.”

“असं कसं? काच कुणी धरली मग?” तो हसायला लागला. “मी वर तोंड करून काम करत होतो, नजर स्क्रूवर. म्हटलं आता हाक मारावी कुणाला तरी, तेवढ्यात खालून काच उचलली गेली. एकदम हलकी. मी म्हटलं वर, तर वर. डावीकडे म्हटलं, तर डावीकडे. म्हटलं घरातले साहेब आले. चांगले उंच असणार, खुर्ची न घेता हात पोहोचला म्हणजे...”

बोलता बोलता त्यानं आमचे चेहरे बघितले. मग तो थांबला. त्यानं चहा अर्धाच ठेवला, हत्यारं पिशवीत भरली आणि शिडीसुद्धा तिरकी उचलून, दिव्याखालून न जाता, भिंतीच्या कडेनं निघून गेला.

ताई त्या जागेवर जाऊन उभी राहिली. जिथे कुणीतरी उभं राहून काच धरली होती, तिथे. हात सरळ वर केला. टाचा उचलल्या. बोटांना काहीच लागलं नाही.

त्या दिवसानंतर दिवा वाजला नाही.

सुरुवातीला ताई खूश होती. चक्क खूश. रात्री शांत झोपायची. “आता कसं मोकळं झालं त्याला,” म्हणायची. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

मग हळूहळू काहीतरी बदललं.

संध्याकाळ झाली की ती सोफ्यावर बसून राहायची. लिफ्टचं दार वाजलं की मान वर. मग काहीच नाही. मान खाली.

एकदा मला म्हणाली, “येत असेल का गं अजून?”

“माहीत नाही, ताई.”

“लागायचं तेव्हा निदान कळायचं. आता आला काय, गेला काय. मला कसं समजणार?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मग पुन्हा खाली घ्यायचा का?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला शब्द गिळावेसे वाटले.

“म्हणजे मला कळावं म्हणून त्याला लागू द्यायचं?”

मी तिथून उठून गेले आणि बाल्कनीत उभी राहून रडले. ती आतच बसून होती. तिचे डोळे कोरडेच.

पुढे काही दिवसांनी मी माझ्या घरी परतले. ताईनंच पाठवलं. “तुझा संसार आहे,” म्हणाली. घराची एक किल्ली मात्र माझ्याकडे ठेवली.

एका संध्याकाळी मी मेडिकलमधून लवकर सुटले आणि तिच्याकडे गेले. लिफ्ट बंद होती. जिने चढून दारापाशी पोहोचले. धाप लागली होती म्हणून जरा थांबले.

आतून...

टण्ण.

माझ्या छातीत धस्स झालं. पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी आनंदही झाला. आले! भावोजी आले!

टण्ण.

लगेच दुसऱ्यांदा? असं कधी झालं नव्हतं.

टण्ण.

मी घाईघाईनं किल्ली लावली, दार ढकललं.

ताई स्टुलावर उभी होती. दिव्याखाली. डोळे मिटलेले. ती थोडी मागे व्हायची आणि कपाळ काचेवर आपटायची. जोरात नाही. अगदी भावोजींचं आपटायचं तेवढंच. तिचं कपाळ लालबुंद झालं होतं.

“ताई! काय करतेस हे!”

तिनं डोळे उघडले. मला बघून दचकलीसुद्धा नाही.

“किती लागत असेल ते बघत होते,” ती म्हणाली. “बरंच लागतं गं. आणि तो कधी कुरकुरला नाही. उलट सॉरी म्हणायचा. मी हसायचे, आपण सगळे हसायचो.”

आणि तिथेच, स्टुलावर उभी असतानाच, तिचा बांध फुटला.

मी तिला कमरेला धरून खाली उतरवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी रडली की माझा ड्रेस भिजला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सगळ्या महिन्यांचं रडणं त्या एका संध्याकाळी बाहेर आलं. शेवटी ती शांत झाली. नाक ओढत म्हणाली, “तोंड धुऊन येते.”

ती आत गेली. नळ सोडला. पाण्याचा मोठा आवाज.

मी स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि परत आले. दिवा अगदी स्थिर होता. मी त्याच्याखाली उभी होते. माझ्या डोक्यापासून दिव्यापर्यंत आता भरपूर जागा होती. एका उंच माणसाचं डोकं मावेल एवढी.

आणि मग वर...

टण्ण.

हलकेच. नखानं वाजवल्यासारखं.

मी हलू शकले नाही. मानही वर करता येईना. केसांवर कुणाचा तरी श्वास पडल्यासारखा झाला. आणि माझ्या डोक्याच्या जरासं वरून, ज्या उंचीवरून तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता, नेमक्या त्याच उंचीवरून...

“सॉरी हं, ठेंगू.”

बस. एवढंच.

आत नळ बंद झाला.

ताई टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा किती दिवसांनी मोकळा वाटत होता.

“काही म्हणालीस?”

माझे ओठ हलले.

“नाही,” मी म्हणाले.

का नाही म्हणाले, हे मी स्वतःला रोज विचारते. तिचा तो मोकळा चेहरा बघून म्हणाले असेन. सांगितलं असतं तर ती जन्मभर त्या दिव्याखालून हलली नसती, ही भीती होती. ती आता बरी आहे. हसते, बाहेर जाते, भिंतींना कुठला रंग द्यायचा ते मला विचारते. मग मी स्वतःला समजावते की बरोबरच केलं.

पण ते शब्द माझे नव्हते. ते तिचे होते. ते द्यायला तो माणूस कुठून कुठे आला, दिव्याखाली उभा राहिला, म्हणाला होता तसाच. आणि ऐकायला तिथे मी होते.

हल्ली मी ताईकडे गेले की भिंतीच्या कडेनं चालते. त्या वायरमनसारखी.

परवा संध्याकाळीच गेले होते. ताईनं दिवा लावला, वर बघितलं आणि हसली.

“आठवतं का गं तुला? दिवा लावला की खाली उभा राहून सॉरी म्हणतो, म्हणाला होता. खोटारडा मेला.”

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मनगटानं पुसलं आणि चहा टाकायला आत गेली.

मी भिंतीच्या कडेलाच उभी राहिले.

खिडकी बंद होती. बाल्कनीचं दार बंद होतं. वरचं घर अजूनही रिकामंच आहे.

आणि दिवा... झुलत होता.